आधी रिमोट, मग गाडी

मंडळी, आज जरा वेगळाच विषय. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि सगळा जन्म शाळेत काढलेल्या बाईनं रिमोटच्या गाड्यांवर लिहावं याचं काहींना हसू येईल. येऊ दे. माझी नात गेली दोन वर्षं या छंदात आहे आणि रविवारी सकाळी मैदानावर तिच्याबरोबर डबा आणि छत्री घेऊन मीच जाते. तिथं बसून ऐकून ऐकून आणि प्रश्न विचारून विचारून बरंच कळायला लागलंय. शिवाय घरातली दोन-तीन मंडळी आपापल्या मुलांसाठी अशी गाडी घ्यायच्या विचारात आहेत आणि फोन मलाच करतात, "आत्या, कुठली घेऊ?" तेव्हा म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

माझं मत थोडक्यात असं. आधी रिमोट निवडा, मग गाडी. आणि रिमोट निवडताना ज्याच्या हातात तो राहणार आहे त्याचा हात बघा. किंमत आणि बटणांची संख्या नंतर.

या रिमोटला छंदवाले ट्रान्समीटर म्हणतात. जत्रेतल्या स्वस्त गाडीचा रिमोट बहुधा फक्त "डावीकडे" किंवा "उजवीकडे" एवढंच सांगतो, चाकं पूर्ण वळतात नाहीतर सरळ राहतात. छंदाच्या गाडीत तसं नसतं. तुम्ही हातातलं चाक थोडं फिरवलंत तर गाडी थोडी वळते, जास्त फिरवलंत तर जास्त. ट्रान्समीटर संदेश पाठवतो, गाडीतला रिसीव्हर तो घेतो, सर्व्हो नावाची छोटी मोटर पुढची चाकं वळवते आणि वेगाचं काम दुसरं यंत्र बघतं.

आता ट्रान्समीटर आधी का? कारण गाडी बदलते. आज एक मोडते, उद्या मन दुसरीवर जातं, मग चिखलातली हवी, मग दगडांवर चढणारी हवी. बऱ्यापैकी ट्रान्समीटर घेतला तर त्यात दहा-वीस गाड्यांची जुळणी साठवता येते, नव्या गाडीत फक्त एक रिसीव्हर बसवायचा. पण इथंच एक मेख आहे. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. जपानच्या फुताबा, सान्वा, केओ प्रोपो, अमेरिकेची स्पेक्ट्रम, चीनची फ्लायस्काय, यांचे रिसीव्हर एकमेकांच्या ट्रान्समीटरचं ऐकत नाहीत. इतकंच काय, फ्लायस्कायच्या जुन्या जीटी३बी आणि नंतरच्या जीटी५ या दोन भावंडांतही अबोलाच आहे. त्यामुळे ट्रान्समीटर घेणं म्हणजे एका घराण्याशी सोयरीक करणं. घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा की याचा सुटा रिसीव्हर इथं मिळतो का आणि केवढ्याला. परदेशातून कुणी हौसेनं भारी ट्रान्समीटर आणणार असेल, तर त्याला सांगा, बरोबर दोन-तीन रिसीव्हरही घेऊन ये. नाहीतर वस्तू उत्तम असूनही दुसऱ्या गाडीच्या वेळी अडून बसाल.

कुणी जुना संच स्वस्तात देत असेल तर तो कोणत्या लहरींवर चालतो ते बघा. पूर्वी या गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालत. त्यात तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशा सहा रंगांच्या खुणा ठरलेल्या होत्या. दोन मुलांचा रंग एकच निघाला की एकानं थांबायचं, कारण एकाच्या रिमोटनं दुसऱ्याची गाडी पळायची. ती लांबलचक एरियलही तेव्हाचीच. आता सर्रास २.४ गिगाहर्ट्झ वापरतात. त्यात ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची एकदा ओळख करून दिली की दहा गाड्या शेजारी शेजारी धावल्या तरी गोंधळ होत नाही. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ सालच्या नियमांनी वेगळ्या परवान्यातून सूट दिली. लहर आखूड म्हणून एरियलही आखूड, रिसीव्हरच्या तारेचं टोकाचं जेमतेम तीन सेंटीमीटर उघडं असतं. तेवढंच कामाचं, ते कापू नका किंवा दुमडून कोंबू नका.

"पण आत्या, गाडीबरोबर रिमोट फुकट येतो ना!" हा आक्षेप मला माहीत आहे. तयार संचात रिमोट येतो हे खरं, आणि मूल चार दिवसांत कंटाळेल अशी शंका असेल तर त्यावर सुरुवात करायला हरकत नाही. पण तो बहुतेकदा एकाच गाडीपुरता असतो आणि त्यात जुळवाजुळवीला फार वाव नसतो. मूल चुकतं तेव्हा चूक हाताची की यंत्राची हे त्याला कळत नाही. आणि जिथं चूक कुणाची हे कळत नाही, तिथं शिकणं थांबतं. वर्गात इतकी वर्षं हेच पाहिलंय.

मग कोणत्या सोयी बघायच्या? चॅनेल किती, याला फार भुलू नका. गाडीला दोन पुरतात, एक वळायला आणि एक वेगाला. तिसरं दिव्यांसाठी किंवा गिअरसाठी उपयोगी. सहा-सात चॅनेल दगडांवर चढणाऱ्या, नाना करामतीच्या गाड्यांना लागतात. त्यापेक्षा गाडी सरळ चालावी म्हणून ट्रिम आहे का, चाकं किती वळावीत त्याची सीमा ठरवता येते का, मधल्या भागात हात मऊ करता येतो का, हे विचारा. यातलं शेवटचं एक्स्पो नावानं मिळतं. आणि नवख्यासाठी सगळ्यात मोलाची सोय म्हणजे वेगाला लगाम. सुरुवातीला निम्म्या वेगावर ठेवायचं, हात बसला की सैल सोडायचं.

महाग ट्रान्समीटर "झटपट" असतो असं ऐकाल. ते खोटं नाही. पाचवीच्या मुलालाही येईल असं गणित आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. संदेश सेकंदाला पन्नास वेळा जात असेल, तर दोन संदेशांच्या मध्ये गाडी २० सेंटीमीटर पुढे गेलेली असते. शर्यतीत उतरणाऱ्याला तेवढ्यानं फरक पडतो. मैदानात डबे मांडून त्यांच्यामधून गाडी काढणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला पडत नाही.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. फेलसेफ. म्हणजे संदेश तुटला तर गाडीनं काय करायचं हे आधी ठरवून ठेवण्याची सोय. एक-दशांश मापाची गाडी दोन किलोच्या आसपास भरते. ती त्या वेगानं सोसायटीच्या आवारात भरकटली आणि समोर नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर? विचारानंच माझ्या पोटात गोळा येतो. इंधनावरच्या गाडीत ही सोय नसेल तर मी तिच्या जवळ उभीसुद्धा राहणार नाही. तपासायची रीत सोपी आहे. गाडी विटेवर ठेवून चाकं अधांतरी करा, ट्रिगर हलकेच दाबून चाकं फिरू द्या आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर जुळणी करून पुन्हा बघा, तोवर गाडी बाहेर काढायची नाही. आणि रोजचा नियम, आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.

आता हाताची गोष्ट. प्रचलित ट्रान्समीटर पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात मूठ, डाव्या तर्जनीखाली ट्रिगर, आणि बाजूचं चाक उजव्या हातानं फिरवायचं. दुसरा प्रकार दोन दांड्यांचा, अंगठ्यांनी चालवायचा. आमची नात डावखुरी. दुकानदार म्हणाला, "होईल हो सवय." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या काळी डावखुऱ्या पोरांच्या हातून पाटीवरची पेन्सिल काढून उजव्या हातात देत, तेव्हाही हेच म्हणत. तिचा बाबा लगेच दुसऱ्या टोकाला गेला. काही ट्रान्समीटरचं चाक काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं, तो तसलाच घ्यायच्या बेतात होता. मी म्हटलं, तिला विचारा की! तिन्ही प्रकार तिच्या हातात दिले, शांतपणे दहा-दहा मिनिटं. तिनं निवडला तो नेहमीचाच. म्हणाली, "आजी, वळवणं सोपं आहे गं, ब्रेक हळू दाबणं अवघड आहे. ते माझं डावं बोट छान करतं." दुकानदाराच्या सवयीच्या नियमात किंवा बाबाच्या काळजीत हे उत्तर कुठून सापडणार होतं?

म्हणून दिवाळीला कुणी अचानक भेट म्हणून ट्रान्समीटर आणणार असेल, तर माझी विनंती आहे, आणू नका. मुलाला बरोबर न्या. मूठ हातात मावते का, बोट ट्रिगरपर्यंत पोचतं का, पाच मिनिटांनी मनगट दुखतं का, ते त्यालाच सांगू द्या. दुकान लांब असेल तर रविवारी मैदानावर या. तिथली मुलं आपला ट्रान्समीटर हातात द्यायला आढेवेढे घेत नाहीत, आणि डब्यात थालीपीठ असतंच.