डॉक्टरांनी इतिहास का वाचावा?

ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर नाडी पाहतात, छातीला नळी लावतात आणि औषध लिहून देतात. आपण बरे होतो. या साऱ्यात इतिहासाचा काय संबंध, असे कोणीही विचारील. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या, असाच आपला समज असतो. पण छातीला लावायच्या त्या नळीलाही इतिहास आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी केली, ती एका रुग्णाच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके ऐकले. तेथून ही नळी जन्माला आली. गोळीला, सुईला, लसीला असाच इतिहास आहे. डॉक्टर होणाऱ्याने तो जाणून घ्यावा की नाही? माझ्या मते घ्यावाच. तसे का वाटते, ते सांगतो.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. १८८९ साली तेथे एक मोठे रुग्णालय उघडले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९० मध्ये, तेथील डॉक्टरांनी एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव ‘हिस्टॉरिकल क्लब’. विल्यम ऑस्लर, विल्यम वेल्च, हॉवर्ड केली यांसारखे नामवंत डॉक्टर त्यात पुढे होते. रुग्णालयाच्या कामातून वेळ काढून ही मंडळी जमत. एकाने जुन्या काळच्या एखाद्या वैद्याविषयी, ग्रंथाविषयी किंवा रोगाविषयी निबंध वाचायचा आणि इतरांनी तो ऐकायचा, असा तेथला रिवाज. विशेष म्हणजे या विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले १८९३ मध्ये. म्हणजे वर्ग भरण्याच्या आधीच इतिहासाचे मंडळ भरू लागले होते!

यावर काही जण म्हणतील, “डॉक्टरांना आधीच वेळ नसतो. नवी औषधे, नवी यंत्रे रोज येत आहेत. जुन्या गोष्टी उकरून काढल्याने कोणाचा ताप उतरणार आहे?” हा प्रश्न खोटा नाही. इतिहास वाचून ताप उतरत नाही, हे खरेच. पण ताप उतरवणारा माणूस कसा असावा, हे मात्र इतिहास शिकवतो.

पहिली गोष्ट, इतिहास शंका घ्यायला शिकवतो. दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा मोठा ग्रीक वैद्य होऊन गेला. हृदयाच्या मधल्या पडद्यात बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असे त्याने लिहिले. ती छिद्रे कोणी पाहिली नव्हती. तरीही हजार वर्षांहून अधिक काळ लोक ते खरे मानत राहिले. एवढ्या मोठ्या वैद्याचे म्हणणे चुकेल कसे?

तेराव्या शतकात कैरो शहरात इब्न अल-नफीस नावाचे हकीम होते. इब्न सीना यांच्या ‘कानून’ या ग्रंथातील शरीररचनेवर त्यांनी टीका लिहिली. इब्न सीना यांच्याविषयी त्यांना मोठा आदर होता. तरीही त्यांनी स्पष्ट लिहिले, की हृदयाच्या त्या पडद्यात छिद्रे नाहीत. रक्त उजव्या बाजूने फुप्फुसांत जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या बाजूला येते. आदर ठेवूनही चूक दाखवता येते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

पुढे हे लिखाण विस्मरणात गेले. १९२४ साली जर्मनीत शिकणाऱ्या अल-तातावी नावाच्या एका इजिप्शियन विद्यार्थ्याने बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित वाचले आणि आपल्या प्रबंधात ही गोष्ट जगापुढे मांडली. सात शतके धूळ खात पडलेले सत्य एका विद्यार्थ्याच्या हाताला लागले.

दुसरी गोष्ट, इतिहास लहान माणसांची आठवण ठेवायला शिकवतो. १८९५ साली ऑस्लर यांनी बाल्टिमोरच्या मंडळात एक निबंध वाचला. तो कोणा थोर संशोधकावर नव्हता. अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल या गावच्या जॉन बॅसेट नावाच्या साध्या डॉक्टरावर होता. शिकण्याच्या ओढीने हा माणूस बायकामुलांना मागे ठेवून पॅरिसला गेला. तेथील रुग्णालयांत शिकला आणि परत आपल्या गावी येऊन रोग्यांची सेवा करीत राहिला. त्याने काही नवा शोध लावला नाही. तरी ऑस्लर यांना त्याची पत्रे वाचावीशी वाटली आणि त्याची कहाणी सांगावीशी वाटली.

आपल्या देशातही अशा कहाण्या आहेत. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस हे डॉक्टर मलेरियाचा शोध घेत होते. हुसेन खान नावाच्या एका मलेरियाच्या रोग्याने स्वतःला डास चावू दिले. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. त्याचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या पोटात २० ऑगस्ट रोजी रॉस यांना मलेरियाच्या जंतूची खूण दिसली. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रॉस यांचे नाव पुस्तकात आले, ते योग्यच झाले. पण ज्याने आपला हात पुढे केला, त्या हुसेन खानचे नाव किती जणांना ठाऊक आहे? औषधाच्या प्रत्येक बाटलीमागे असे कितीतरी रोगी उभे असतात. हे ज्याला ठाऊक आहे, तो डॉक्टर पुढे बसलेल्या गरीब रोग्याशी उर्मटपणे बोलणार नाही.

मात्र एक धोका आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. काही लोक इतिहास वाचतात तो केवळ फुशारकी मारण्यासाठी. “सारे शोध आमच्याच पूर्वजांनी लावले,” असे ते छाती फुगवून सांगतात. कोणी आयुर्वेदाच्या नावाने सांगतो, कोणी युनानीच्या, तर कोणी युरोपच्या. हा इतिहास नव्हे. इब्न अल-नफीस यांनी फुप्फुसांतील रक्ताची वाट सांगितली, हे खरे. पण रक्त साऱ्या शरीरातून फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी दाखविले, हेही तितकेच खरे. दोन्ही सांगावे, तेव्हाच इतिहास पूर्ण होतो. वैद्यकाची ज्योत कोणा एका भाषेच्या किंवा धर्माच्या घरी पेटलेली नाही. ती ग्रीक, अरबी, संस्कृत, लॅटिन अशा अनेक हातांतून आपल्यापर्यंत आली आहे.

हैदराबादचेच पाहा. तेथील उस्मानिया मेडिकल कॉलेजात एके काळी आधुनिक वैद्यकाचे शिक्षण उर्दूतून दिले जात असे. त्याच कॉलेजात १९५६ साली वैद्यकाच्या इतिहासाचा विभाग सुरू झाला. आपल्या महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. आपल्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला, तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. नवे शिकायला समुद्रापार गेलेल्या या मुलीलाही मागे वळून पाहावेसे वाटले.

म्हणून मला वाटते, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असे एक मंडळ असावे. त्याला मोठा खर्च लागत नाही. एक खोली, काही पुस्तके आणि ऐकून घेणारी माणसे एवढे पुरे.

आणि मित्रांनो, त्यासाठी डॉक्टर होईपर्यंत थांबण्याचे तरी कारण काय? आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या वृद्धाच्या चेहऱ्यावर देवीचे वण दिसतील. उर्दूत ज्याला आपण चेचक म्हणतो, तोच हा रोग. १९८० साली तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्या आजोबांजवळ बसा. त्यांना कोणी औषध दिले, घरात कोण वाचले, कोण गेले, लस टोचणारा दारात आला तेव्हा लोक का पळाले, ते विचारा. ऐकलेले वहीत लिहून ठेवा आणि वर्गात वाचून दाखवा.

कदाचित तुमच्यापैकीच कोणी उद्या डॉक्टर होईल. रोग्याच्या छातीला नळी लावताना त्याला ती कागदाची गुंडाळी आठवेल आणि डासाच्या पुढे केलेला एक हातही आठवेल. असा डॉक्टर आपल्या गावाला मिळावा, असे कोणाला वाटणार नाही?