नाडीचा दिवा

चित्र पाहावें, गाणें ऐकावें, मूर्तीपुढें क्षणभर थांबावें. हात मात्र कोठेंही लावूं नये, हा कलादालनांतील शिष्टाचार आम्हीं लहानपणापासून पाळला. आतां अशाही कलाकृति निर्माण झाल्या आहेत कीं, प्रेक्षकानें हात लावल्यावांचून त्या पुऱ्या होत नाहींत. त्यांपैकीं एकीविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

रफाएल लोझानो-हेमर हे १९६७ सालीं मेक्सिको शहरांत जन्मलेले व कॅनडांतील माँट्रियल येथें स्थायिक झालेले कलावंत. शिक्षणानें रसायनशास्त्राचे पदवीधर. त्यांची 'पल्स रूम', म्हणजे नाडीची खोली, २००६ सालीं मेक्सिकोंतील प्वेब्ला येथें प्रथम लोकांपुढें आली. पुढल्याच वर्षीं ती व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत होती, आणि २०१८-१९ मध्यें वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयांत.

अंधाऱ्या दालनांत, आंतली तार तापून उजळणारे साधे विजेचे दिवे ओळींनीं टांगलेले असतात; कोठें शंभर, कोठें तीनशें. एका बाजूस धरावयास दोन दांड्या. त्या दोन्ही हातांनीं धरल्या कीं यंत्र आपली नाडी टिपतें आणि जवळचा दिवा तिच्याच ठेक्यावर लुकलुकूं लागतो. एरवीं वैद्यानें मनगट धरावें तेव्हां कळणारी गोष्ट डोळ्यांपुढें उघडी होते. हात सोडतांच सारे दिवे क्षणभर विझतात. मग प्रत्येक ठेका एकेक घर पुढें सरकतो. आपला ओळींत जातो, आणि शेवटच्या दिव्यांतला सर्वांत जुना ठेका कायमचा नाहींसा होतो.

आमच्या घरीं या खोलीचा विषय निघाला तेव्हां वडीलधारी मंडळी म्हणाली, ही जत्रेंतली गंमत, कला कसली? तरुणांचें म्हणणें, प्रेक्षकाला सामील करून घेते तीच खरी कला. आम्हांला दोन्ही मतें अपुरीं वाटतात. हात लावल्यावर उत्तर देणें एवढेंच कलेचें लक्षण असेल, तर दारावरची विजेची घंटाही कला ठरेल. दांडी धरतांना दिसतो तो चमत्कार. अर्थ येतो तो हात सोडल्यावर. आतांपर्यंत 'माझा' असलेला ठेका इतरांत मिसळतो, आणि मागून माणसें येत गेलीं कीं तो कोणता हें आपल्यालाही ओळखतां येत नाहीं. हेंच भिंतीवर लिहून ठेवलें असतें, तर आपण मान डोलावून पुढें गेलों असतों.

या कल्पनेमागें रोबेर्तो गाव्हाल्दोन यांचा १९६० सालचा 'माकारिओ' हा मेक्सिकन बोलपट आहे. त्यांत भुकेनें व्याकुळ झालेल्या नायकाला एक गुहा दिसते. तेथें प्रत्येक जिवंत माणसाची एकेक मेणबत्ती जळत असते. 'प्राणज्योत मालवली' असें म्हणणाऱ्या आपल्या समाजाला ही प्रतिमा परकी वाटूं नये. परंतु आपण 'वंशाचा दिवा' असेंही म्हणतों, आणि त्या वेळीं मनांत मुलगाच असतो. नाडीच्या खोलींतल्या दिव्याला नांव नाहीं, कुळ नाहीं. तो पुत्राचा कीं कन्येचा हेंही कळत नाहीं. आपली जागा घेणारा ठेका बहुधा अगदीं अनोळखी माणसाचा असतो, तरी खोली उजळलेली राहते. हें मनांत आलें आणि आपल्या त्या शब्दप्रयोगाची आम्हांला थोडी लाज वाटली.

मुलाबाळांकडे परदेशीं जाणाऱ्या वाचकांना अशी खोली कोठें आढळली, तर त्यांनीं घरांतल्या आजींनाही बरोबर न्यावें, आणि त्यांच्या मागोमाग नातीला दांड्या धरूं द्याव्या. लगेच बाहेर मात्र पडूं नये. आजींचा ठेका संथ, नातीचा जलद. माणसें येत राहतील तसतसे ते दोन्ही शेजारीं शेजारीं ओळीच्या टोकापर्यंत जातील. आधीं आजींचा मावळेल, मागून नातीचा. तेवढा वेळ तेथें उभें राहावें.