सह्याद्रीत निघण्याआधी घरात चिठ्ठी ठेवा

औसा शहरातल्या आणि तालुक्यातल्या तरुणांनो, आणि त्यांच्या आई-वडिलांनो,

आषाढी झाली, रानातली घाईची कामं उरकत आली आणि मोबाइलवर धबधब्यांचे व्हिडिओ पुन्हा फिरायला लागले. शुक्रवारी रात्री दहाला गाडी काढायची, पहाटे पुणं ओलांडायचं, दिवसभर गड चढायचा, पाण्यात भिजायचं आणि रात्रीच परतीला लागायचं, असे बेत दर पावसाळ्यात आपल्याकडे ठरतात. १५ ऑगस्टच्या सुट्टीचे तर आत्ताच ठरत असतील. डोंगर पाहू नका, असं मी सांगणार नाही. मी स्वतः बरीच वर्षं सह्याद्रीत जातो आणि औशातल्या प्रत्येक पोरानं एकदा तरी कड्यावर उभं राहून खालचं कोकण बघावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हात जोडून विनंती आहे: ठरवलेला बेत याच आठवड्यात पुन्हा एकदा उघडून बघा.

कारण आपण दुष्काळी मुलखातली माणसं आहोत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं. तावरजेला पाणी आलं की गाव बघायला जातं. ओढा भरला की आनंद, नाला वाहिला की आनंद. वाहतं पाणी दिसलं की आपले पाय आपोआप तिकडे वळतात. आपल्या डोळ्यांना पाणी वाचायची जी सवय लागली आहे, ती सह्याद्रीत जीवावर बेतते. आपल्याकडे वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडला तर वर्ष बरं गेलं म्हणतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. तो पाऊस माथ्यावर पडतो. तुम्ही खाली ओढ्यात उभे असता, तुमच्या डोक्यावर कदाचित ऊनही असतं, आणि वरचं पाणी काही मिनिटांत अंगावर येतं.

माझ्या बाबतीत हे घडलं आहे. सकाळी आम्ही सहा जणांनी एक ओढा ओलांडला, तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली होतं. दुपारी दोनला परत आलो तर तेच पाणी कमरेच्या वर, तांबडं, आणि त्यात पालापाचोळा नि काटक्या वाहत होत्या. आमच्यातला एक जण म्हणाला, हाताला हात धरून जाऊ. बरोबर पायथ्याच्या गावचे एक मामा होते. त्यांनी काठी आडवी धरली आणि एवढंच म्हणाले, "बसा." आम्ही तीन तास कुडकुडत बसलो. मग पाणी उतरलं. मामा नसते तर आम्ही उतरलोच असतो, याची मला आजही खात्री आहे. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पानं यायला लागली, आवाज जड झाला, की पाण्यातून बाहेर पडायचं आणि उंच जागी जाऊन थांबायचं. चपला, बॅग, मोबाइल काही उचलत बसायचं नाही.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून ती उभी होती. तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता. त्यानंतर पंधरवडा-तीन आठवड्यांत माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ काढताना एक तरुण मुलगी दरीत गेली. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं इंद्रायणीत कोसळला, चार जण गेले. यातलं कोणीही अवघड गिर्यारोहण करत नव्हतं. सगळे आपल्यासारखेच सुट्टीला आलेले होते.

आणि रस्ता? औशाहून पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, तिथून पुढे घाट. रात्रभर गाडी चालवलेला मित्र दिवसभर गड चढतो आणि पुन्हा रात्री स्टिअरिंगवर बसतो. कृपा करून असं करू नका. पायथ्याच्या गावात एक मुक्काम धरा, नाहीतर गाडी चालवणारा वेगळा घ्या आणि त्याला दिवसा झोपू द्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात सहलीची बस दरीत गेली आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची तीस माणसं एका सकाळी संपली. पावसाळ्यातला घाट ताज्या डोळ्यांनीच चालवायचा असतो.

बेत कसा करायचा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या गावांतून पंढरपूरला दिंड्या जातात. मुक्काम कुठे, पंगत कोणाकडे, टेम्पो कुठे उभा राहणार, हे कितीतरी आधी ठरलेलं असतं आणि पाय दुखणाऱ्या म्हातारीला मागे टाकून दिंडी पुढे जात नाही. तीच शिस्त गडावर न्या. सगळ्यात हळू चालणारा पुढे, वाट माहीत असलेला एक जण सगळ्यात मागे. परत फिरायची वेळ घरीच ठरवा. बारा वाजले की जिथे असू तिथून माघारी, मग माथा समोर दिसत असला तरी. धुक्यात आणि झाडीत पाच वाजताच अंधारून येतं आणि धुक्यात ढोरवाट नि गडाची वाट सारखीच दिसते. माणसं चुकतात ती बहुधा उतरताना.

गडाचं नाव ठरवून भागत नाही, वाट ठरवावी लागते. हरिश्चंद्रगड एकच, पण पाचनईची वाट नवख्याला जमते, खिरेश्वरहून टोलार खिंडीची लांब आणि दमवणारी आहे, आणि नळीची वाट दोर नि अनुभव असलेल्यांचीच. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर पावसात, सुट्टीच्या गर्दीत नवख्यांनी जाऊच नये. वर चढणारे आणि खाली उतरणारे एकाच अरुंद जिन्यावर अडकतात. पहिलाच डोंगर असेल तर बारी गावातून कळसूबाई धरा. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत. पण तेही गणपती उठल्यावर जा. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, पठारं सोनकीच्या फुलांनी पिवळी. भर जुलैत माथ्यावर ढगाशिवाय काही दिसत नाही, हे त्या व्हिडिओवाल्यांनी तुम्हाला सांगितलेलं नसतं.

वाटाड्या गावातलाच घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या आणि तो "बसा" म्हणाला की बसा. एखाद्या ग्रुपबरोबर पैसे भरून जाणार असाल तर आधी त्यांची नोंदणी विचारा. साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं राज्याचं २०२१ चं धोरण आहे. त्या जिल्ह्यात धबधबे किंवा घाट बंद ठेवण्याचा आदेश निघाला आहे का आणि हवामान खात्याचा इशारा कोणत्या रंगाचा आहे, हे निघायच्या दिवशी पुन्हा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत मोडा. भरलेले पैसे गेले तर जाऊ द्या.

तोवर पाय तयार करायला खरोशाचा डोंगर आहे. आपल्याच तालुक्यात, लेणी पोटात घेऊन उभा. चार रविवार पाठीवर पाच लिटर पाणी घेऊन तो चढा-उतरा. कोणाचा गुडघा बोलतो, कोणाला धाप लागते, कोणाचे बूट चावतात, हे तिथेच कळू द्या. लहान लेकरं बरोबर असतील तर यंदा येडशीचं रामलिंग करा, तेवढं पुरे.

आता आई-वडिलांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना. किल्लारी आपल्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर माणूस कुठे शोधायचा हे कळत नव्हतं, ते दिवस तुमच्यातल्या कितीतरी जणांनी भोगले आहेत. डोंगरात हरवलेल्या माणसाचंही तसंच होतं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांतली माणसं आपली कामं टाकून रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात, पण कुठल्या दरीत उतरायचं हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं. "मित्रांबरोबर पुण्याकडे गेलाय" एवढ्यावर कोणालाच शोधता येत नाही.

म्हणून पोराला गाडीची चावी देण्याआधी त्याच्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्या आणि देव्हाऱ्याजवळ ठेवा. त्यावर गडाचं नाव, वाटेचं नाव, पायथ्याचं गाव आणि तालुका. गाडीचा नंबर. बरोबरच्या प्रत्येकाचं नाव आणि त्याच्या घरचा फोन. वाटाड्याचा फोन. आणि शेवटी ठळक अक्षरात: खाली उतरून मी संध्याकाळी इतक्या वाजता फोन करीन. त्या वेळेनंतर एक तास वाट बघा. फोन आला नाही तर ११२ लावा आणि चिठ्ठी वाचून दाखवा.