संवेगाचा हिशेब आणि वऱ्हाडचा महामार्ग

सन 2022 च्या जून महिन्यात अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग 53 वर, 75 किलोमीटर लांबीच्या एकेरी मार्गिकेचे डांबरीकरण अवघ्या 105 तास 33 मिनिटांत अखंड पूर्ण होऊन त्याची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली, ही वऱ्हाडास भूषणावह गोष्ट होय. परंतु रस्ता सुधारला की वाहनांचा वेगही वाढतो, आणि त्या वेगाचा विचार मात्र आपण पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग, आणि दोन वस्तूंची टक्कर झाली असता, बाह्य बलाचा हस्तक्षेप नसेल तर, त्यांचा एकूण संवेग अक्षय्य राहतो, हा सिद्धांत आपली मुले नववीतच शिकतात. आता असे समजा की, ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या 20 टनांच्या ट्रकवर, तितक्याच वेगाने समोरून येणारी, स्वारासह 200 किलो वजनाची मोटारसायकल आदळली आणि त्यातच अडकली. गणित सांगते की, त्यानंतरही तो ट्रक ताशी सुमारे 58.8 किलोमीटर वेगाने पुढेच जाईल. दोघांच्या संवेगातील बदल तंतोतंत सारखा असूनही ट्रकचालकाचा वेग ताशी जेमतेम सव्वा किलोमीटरने घटतो, आणि त्या स्वाराचा मात्र निमिषार्धात जवळजवळ 119 किलोमीटरने पालटतो. शिरस्त्राण हा बदल टाळू शकत नाही. ते डोक्यावरील आघाताचा काळ किंचित लांबवते, आणि काळ लांबला की बल त्याच प्रमाणात उतरते. पुष्कळदा प्राण वाचतात ते एवढ्याच अवधीमुळे.

दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात, तेव्हा मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, अशी भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्याच्या कडेला उभी असणे हे मला अक्षम्य वाटते. कारण मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या दृष्टीने ती भिंतच असते. त्यातच ट्रॉलीचा भारही जादा असेल, तर त्याबद्दल 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास 2,000 रुपये दंडाची, तसेच अतिरिक्त माल उतरवून घेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. तिची अंमलबजावणी अपघातानंतरच्या पंचनाम्यात नव्हे, वजनकाट्यावरच झाली पाहिजे. बाजार समित्यांनी आणि जिनिंगच्या मालकांनी यंदाच्या हंगामापासून दिवा व परावर्तक नसलेली एकही ट्रॉली आपल्या फाटकातून महामार्गावर जाऊ देऊ नये, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.