नामपल्लीची गच्ची आणि मराठी वाहिनी

हैदराबादच्या नामपल्लीसारख्या दाट वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला घरी मराठी वाहिनी पाहता येईल की नाही, हे बहुधा केबलचालक ठरवतो. त्याच्या लेखी ‘प्रादेशिक’ म्हणजे त्या राज्याची राजभाषा. २०१९ पासून वाहिन्या निवडण्याची मुभा ग्राहकाला मिळाली खरी. परंतु निवड चालकाच्या यादीतूनच करावयाची असते. यादीतच मराठी नसेल तर ती मुभा कागदावर राहते.

उपग्रहाला मात्र राज्याची सीमा ठाऊक नाही. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ सेवेचा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईची सह्याद्री, हैदराबादची यादगिरी आणि बेंगळुरूची चंदना या तिन्ही वाहिन्या याच सेवेत मिळतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : केवळ सह्याद्रीसाठी मोटरच्या तबकडीचा खर्च करू नये. लहान स्थिर तबकडी पुरते, आणि तिला मासिक शुल्क नाही. खासगी कंपन्यांच्या सशुल्क वाहिन्या सांकेतिक कुलुपात असतात. ते कुलूप मोटरने उघडत नाही.

निरनिराळ्या उपग्रहांवरील मोफत वाहिन्या एकाच तबकडीवर हव्या असणाऱ्यांनी मोटर जरूर बसवावी. पण खांब ओळंब्यात उभा करावा. तो कलला तर पुढचे सारे मोजमाप व्यर्थ जाते. मोटरवरील अक्षांशाचा काटा नामपल्लीसाठी १७.४ वर ठेवावा आणि शून्याची खूण खऱ्या दक्षिणेकडे आणावी. थायलंडच्या थायकॉम उपग्रहांचे स्थान ७८.५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ हैदराबादच्याच रेखांशावर, ठीक दक्षिणेस आहे. त्या दिशेला तबकडी सुमारे ७० अंश उंच पाहते, त्यामुळे शेजारची इमारत सहसा आड येत नाही. दक्षिणेजवळचा उपग्रह नीट मिळतो, पण पूर्वेचा क्षीण येतो, असे झाल्यास तबकडीची उंची बदलू नये. संपूर्ण सांगाडा खांबावर किंचित फिरवून पाहावा. आदिलाबाद याच रेखांशावर असल्याने तेथे केवळ अक्षांश १९.७ करावा लागतो. बेळगाव ७४.५ रेखांशावर आहे. तेथे अक्षांश आणि उपग्रहांचे कोन दोन्ही बदलतात.

गच्चीवर तबकडी आली म्हणून हक्काची मागणी संपत नाही. प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात सांगितले. राज्यघटनेचा अनुच्छेद २९ आपली भाषा जतन करण्याचा हक्क देतो. केंद्र सरकारने नेमून दिलेल्या दूरदर्शनच्या वाहिन्या केबलचालकाने दाखवल्याच पाहिजेत, असे १९९५ च्या केबल कायद्याचे कलम ८ म्हणते. तेव्हा आपल्या चालकाकडे मराठी वाहिनीची मागणी लेखी करावी आणि उत्तरही लेखी मागावे. तोंडी नकाराची नोंद कोठेही राहत नाही; लेखी नकारावर पुढचा अर्ज उभा करता येतो. तोवर घरातील मुलांच्या कानांवर मराठी पडत राहील, एवढे काम ती स्थिर तबकडी निश्चित करील.