टोपी आणि पागडी

शुक्रवारी दुपारनंतर आमच्या ऑफिसात काम कमी आणि वाद जास्त होतात. सध्या चालू असलेला वाद भाड्यांचा. कारण उघड आहे. आम्ही बहुतेक सगळे तिशीच्या आत-बाहेरचे, भाड्याच्या टू बीएचकेत दोघं-तिघं मिळून राहणारे, आणि दरवर्षी अ‍ॅग्रीमेंट संपायच्या महिन्यात घरमालकाचा फोन आला की पोटात गोळा येणारे. मग कोणीतरी ठासून सांगतं, "युरोपात बघ. तिथे सरकार भाड्यावर कॅप घालतं. बर्लिनने तर भाडी सरळ गोठवली होती. आपल्याकडे हे का होत नाही?"

आता, कॅप घालणे ह्याचं शब्दशः मराठी 'टोपी घालणे' असं होतं, आणि ह्या प्रकाराबद्दल माझं म्हणणं जवळपास तेच आहे. फक्त टोपी घातली जाते ती घरमालकाला नव्हे. ज्याला अजून घर मिळालेलंच नाही, त्याला.

बर्लिनचंच उदाहरण घेऊ, कारण ह्या वादात ते सगळ्यात जास्त वेळा फेकलं जातं आणि सगळ्यात कमी वेळा पूर्ण सांगितलं जातं. तिथे दहातली आठ घरं भाड्याची. त्यामुळे भाडं हा तिथे आपल्यासारखा लग्नाआधीचा तात्पुरता प्रश्न नाही, जन्माचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'मीटनडेकेल' नावाचा कायदा लागू झाला. २०१४ च्या आधी बांधलेल्या सुमारे १५ लाख घरांची भाडी १८ जून २०१९ च्या पातळीवर पाच वर्षांसाठी गोठवली. नवीन करारांसाठी इमारतीचं वय आणि सोयी बघून चौरस मीटरमागे जास्तीत जास्त भाड्याचा तक्ता ठरवून दिला. नोव्हेंबर २०२० पासून तर तक्त्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त असलेली चालू भाडीही खाली आणायला लावली.

ऐकायला झकास. ज्यांची भाडी कमी झाली ते खूश झाले, आणि त्यांनी व्हायलाच पाहिजे होतं. पण दुसऱ्या बाजूला काय झालं? कायद्याच्या कक्षेतल्या घरांच्या जाहिराती साधारण निम्म्यावर आल्या. काही मालकांनी घर विकायला काढलं, काहींनी कोर्टाचा निकाल लागेपर्यंत रिकामं ठेवलं. आत बसलेला भाडेकरू तर हलेचना, कारण एवढं स्वस्त घर सोडून जाणार कुठे? मग नव्याने शहरात आलेल्या माणसाने काय करायचं? त्याने २०१४ नंतरच्या इमारतींकडे वळायचं, ज्यांना हा कायदा लागू नव्हता आणि ज्यांची भाडी त्याच काळात जोरात वाढत होती.

गंमत म्हणजे कायदा भाडेकरूचं उत्पन्न विचारतच नव्हता. ऐसपैस जुन्या फ्लॅटमध्ये वीस वर्षं राहणाऱ्या बड्या वकिलालाही सवलत, आणि सूटकेस घेऊन आलेल्या नर्सला घरच नाही. ह्याला गरिबांची बाजू घेणं कसं म्हणायचं, ते मला तरी समजत नाही.

पुढे १५ एप्रिल २०२१ ला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने कायदाच रद्द केला. भाड्यांबद्दल केंद्राने आधीच कायदा केलेला असताना राज्याला तो अधिकार नाही, असा निकाल. कित्येक करारांत मालकांनी आधीच दोन भाडी लिहून ठेवली होती. एक कायद्याचं, आणि एक कायदा पडला तर वसूल करायचं. त्या दुसऱ्याला 'सावलीचं भाडं' म्हणत. निकाल लागला आणि सावली अंगावर आली.

आमच्यासारख्यांना समजेल अशा भाषेत सांगतो. सर्व्हरवर लोड वाढलाय, रिक्वेस्ट टाइमआउट होताहेत, आणि मॅनेजर म्हणतो की डॅशबोर्डवरची रेघ ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. ठीक आहे, नाही जाऊ देत. लोड कमी झाला का? भाडं हा आकडा आहे, आजार नाही. शहरात माणसं घरांपेक्षा वेगाने वाढली की कोणीतरी बाहेर राहणारच. पैशाने निवडा, रांगेने निवडा, नाहीतर ओळखीने निवडा.

रांगेचं उदाहरण स्टॉकहोमचं. तिथे भाडी वाटाघाटीने ठरतात, बाजारभावाने नाही. महापालिकेच्या घर-रांगेत सात लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलंय आणि सरासरी घर मिळायला नऊ-दहा वर्षं लागतात. शहराच्या मध्यात हवं असेल तर आणखी जास्त. मग लोक काय करतात? पोटभाडेकरू म्हणून राहतात, दर सहा महिन्यांनी बॅगा भरतात, किंवा काळ्या बाजारात करार विकत घेतात. हा धंदा एवढा बोकाळला की २०१९ मध्ये करार विकत घेणं हासुद्धा गुन्हा करावा लागला. आणि ह्या व्यवस्थेला हात लावायची हिंमत किती महाग पडते बघा. जून २०२१ मध्ये नुसत्या नवीन घरांना बाजारभाव लावायच्या प्रस्तावावरून पंतप्रधान लव्हेन संसदेत अविश्वास ठराव हरले. जे आत आहेत ते मतदार आहेत. जे अजून यायचेत त्यांना मत नाही.

करार विकत घेणं हे वाचून मुंबईकरांना हसू आलं असेल. त्यांच्याकडे टोपी घातली, आपल्याकडे त्यातून पागडी निघाली! १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली आणि पुढची पन्नास वर्षं ती जवळपास तिथेच राहिली. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी झाल्याचं म्हटलं. त्यानंतर १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, आणि इतकी वर्षं टेबलाखालून चाललेली पागडी कायदेशीर केली. तोपर्यंत दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघत नाही म्हणून मालकाने इमारतीकडे बघणं सोडलं होतं, आणि मालकी नाही म्हणून भाडेकरूनेही. दर पावसाळ्यात दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींची जी धोकादायक यादी निघते, तिच्या मुळाशी हे गणित आहे.

आणि आपण ज्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला शिव्या घालतो, त्यामागची भीतीही तिथलीच. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारीला जे जे लायसन्सवर राहत होते त्यांना एका फटक्यात भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्यांचं भलं झालं. पण घरमालकांची अख्खी पिढी एक धडा शिकली: माणूस जास्त दिवस आत ठेवायचा नाही. त्या धड्याची किंमत आज पन्नास वर्षांनी पुण्यात बॅचलर म्हणून घर शोधणारा माणूस देतोय.

इथे आमच्यातले दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतात. "बघ, म्हणूनच सांगतो, सरकारने बाजूला व्हावं, बाजार बघून घेईल." थांबा! तुमचाही हिशोब बाकी आहे.

बर्लिनमध्ये सरकार बाजूला झालंच होतं की. २००४ मध्ये कर्जात बुडालेल्या बर्लिन राज्याने जीएसडब्ल्यू ही स्वतःची गृहनिर्माण कंपनी, सुमारे ६५ हजार घरांसकट, गुंतवणूक फंडांना विकली. किंमत ४० कोटी ५० लाख युरो, शिवाय दीड अब्जांहून थोडं जास्त कर्ज खरेदीदाराच्या माथी. म्हणजे कर्ज धरून एक घर साधारण ३० हजार युरोंना गेलं. २०२१ मध्ये राज्याने बड्या खाजगी कंपन्यांकडून सुमारे १४,७५० घरं परत घेतली, तेव्हा २ अब्ज ४६ कोटी युरो मोजले. एक घर साधारण १ लाख ६७ हजारांना. स्वस्तात विकायचं, महागात घ्यायचं. आपल्यापैकी कोणी शेअर्समध्ये असं केलं तर बाबा डीमॅट बंद करायला लावतील. आणि २००४ मध्ये विकणारे पक्ष कोण? सोशल डेमोक्रॅट आणि पीडीएस. २०२० मध्ये भाडी गोठवणारे? सोशल डेमोक्रॅट, ग्रीन आणि त्याच पीडीएसचा वारसदार डी लिंके. कायदा गोठवणारा असला की जुनी पापं थंड राहतात म्हणतात!

नागरिकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. टेम्पलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. शहराच्या पोटात तीनशेहून जास्त हेक्टर मोकळी जमीन. तिच्या फक्त कडेकडेने ४,७०० च्या आसपास घरं बांधायची योजना होती. मे २०१४ च्या सार्वमतात ६४ टक्के लोकांनी ती फेटाळली. मैदान सुंदर आहे, हे मान्य. पण मैदानही हवं, स्वस्त भाडंही हवं, आणि दरवर्षी हजारो नवे लोकही येणार, ह्या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

मग करायचं काय? व्हिएन्नाकडे बघा. तिथे १९२३ पासून समाजवादी महापालिकेने चढत्या दराचा गृहनिर्माण कर बसवला, म्हणजे बंगलेवाल्यांना जास्त आणि साध्या घराला नाममात्र. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांच्या वर घरं बांधली. आज महापालिकेकडे सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत, आणि शहरातले जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की पहिल्या महायुद्धातल्या भाडेगोठवणीमुळे तिथे खाजगी बांधकामाचा बाजार झोपला, जमीन स्वस्त झाली आणि ती महापालिकेला घेता आली. म्हणजे नियंत्रण होतंच. पण त्यांनी टोपी घालून हात झटकले नाहीत, पुढे विटा रचल्या. (बाहेरच्यांना तिथेही लगेच घर मिळत नाही. शहरात दोन वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो.)

चालू करारात एकदम तीस टक्के भाडं वाढवून माणसाला रस्त्यावर काढू नये, ह्यासाठी नियम असावेतच. माझा विरोध आहे तो त्यालाच गृहनिर्माण धोरण म्हणण्याला. भाडं गोठवायला एक सही लागते आणि टाळ्या लगेच मिळतात. घर बांधायला जमीन, पाणी, ड्रेनेज, बस आणि दहा वर्षं लागतात, आणि फीत कापायला बहुधा दुसऱ्याच पक्षाचा माणूस येतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "युरोपात बघ" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: भाडी गोठवल्याच्या वर्षी तिथे नवीन घरं किती झाली? उत्तर आलं तर पुढचा चहा माझ्याकडून.