‘पारंपरिक’ म्हणे!

शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘मी डोलकर’ लागायच्या आधी निवेदक हमखास सांगतो, ‘आता एक पारंपरिक कोळीगीत!’ कसलं पारंपरिक? ते शान्ता शेळके यांनी लिहिलं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गायले लता मंगेशकर आणि हेमंतकुमार. इंदापूरला १९२२ साली जन्मलेली, कॉलेजात मराठी शिकवणारी बाई दर्याचं गाणं लिहिते आणि ते कोळीवाड्यातल्या हळदीतही वाजतं, ही मला त्या गाण्याची सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. ‘पारंपरिक’ म्हटलं की नेमकी तीच पुसली जाते.

शान्ताबाईंनी काही चित्रपटगीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या टोपणनावाने लिहिली. तिथे नाव त्यांनी स्वतःच झाकलं होतं. इथे ते आपण खाऊन टाकतोय.

‘लोकांनी गाणं आपलंसं केलं, हाच कवीचा सन्मान’ असं वर ऐकवणारे भेटतात. मला हा युक्तिवाद फुकट्यांचा वाटतो. आपलंसं केलंय ना, मग डोलकर म्हणजे कोण, ते तरी सांगा. बऱ्याच जणांना वाटतं, होडीत डुलणारा! अहो, डोल हे जाळं आहे. पिशवीसारखं, भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बांधलेलं. त्यात बोंबील, जवळा येतो. ही डोल लावणारा तो डोलकर. शब्द थेट धंद्यातून उचललेला आहे.

खुद्द कोळीवाड्यातल्या शाहिरांनी रचलेल्या गाण्यांवर तर हा शिक्का आणखी बिनदिक्कत बसतो. तिथे कवी कोण, हे विचारायलाही कुणी जात नाही. पुढच्या संमेलनात निवेदकाला चिठ्ठी द्याल, तेव्हा तिच्यावर गाणं लिहिणाऱ्याचं नाव आधी घाला.